लाईट असताना पंख चिकटवायचा नाही

भात कापून झालं की भिवंडीचा वास थोडे दिवस बदलतो. एरवी सुताची धूळ, डिझेल आणि उघडी गटारं. पण त्या दिवसांत वज्रेश्वरीकडून येणाऱ्या टेम्पोंवर पेंढा लादलेला असतो आणि त्याच्या काड्या गावभर सांडत जातात. रिक्षाच्या टपावर काडी, दुधाच्या क्रेटमध्ये काडी, जिन्यावर काडी. जिन्यावरची पहिली काडी उचलली की मी दिवाळीच्या सफाईची यादी करायला बसते. पहिली ओळ ठरलेली: माळा.

माळ्यावर एक लांबट खोका आहे. दरवर्षी तो उतरवते, वरची धूळ पुसते, न उघडता परत ठेवते आणि यादीत खूण करते. यंदा उंदराने एक कोपरा कुरतडला होता, म्हणून उघडावा लागला. आत विमान होतं. एकावर एक दोन पंख असलेलं, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं, नारिंगी पतंगाच्या कागदाने मढवलेलं. कागदाचा रंग आता चहाच्या डागासारखा झालाय. पण दोन पंखांमध्ये बांधलेले धागे अजून ताठ आहेत. नखाने एक धागा छेडला तर अगदी बारीक आवाज आला. मी झाकण लावलं. माळ्याच्या पुढे खूण केली. मग खुर्चीवर बसले ती बराच वेळ उठलेच नाही, आणि हे माझ्या स्वभावात बसत नाही.

माझे यजमान मधुकर, शाळेत चित्रकलेचे मास्तर. कॉलेजात असताना कुठल्याशा शिबिरात त्यांना विमानांचे नमुने करायला शिकवलं आणि ते वेड कायमचं लागलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्यांच्या सामानाची यादी करून डबे लावून दिले. लाकडाच्या पट्ट्या एका डब्यात, टाचण्या एका, रबर एका. त्यावर ते म्हणाले होते, "आता सगळं सापडायला लागलं. मजाच गेली." पण डबे मोडले नाहीत.

त्यांच्यामुळे मला कळलं की असल्या विमानात सगळ्यात अवघड काम पंख जुळवायचं. एकच पंख असेल तर चूक एकदाच होते. दोन असले की खालचा पंख धडाशी जुळायला हवा आणि वरचा खालच्याशी. समोरून पाहिलं तर दोन्ही पंख दुरेघी वहीतल्या रेघांसारखे दिसायला हवेत. बाजूने पाहिलं तर वरच्याची पुढची कड नखभर उचललेली हवी. आणि वरून पाहिलं तर शेपटीपासून दोन्ही टोकं सारखीच लांब. हे शेवटचं डोळ्यांवर सोडायचं नाही. शेपटीत टाचणी टोचायची, तिला ताण्याचा धागा बांधायचा. ताण्याचा म्हणजे मागावर उभा लागतो तो, त्याला खळ लावलेली असते म्हणून तो ताणला जात नाही. धागा पंखाच्या उजव्या टोकापर्यंत न्यायचा, तिथे चिमटीत धरायचा आणि ती चिमूट तशीच डाव्या टोकाला न्यायची. पोचली तर पंख सरळ. कमी पडली किंवा उरली तर पुन्हा. "डोळा खोटं बोलतो," मधुकर म्हणायचे, "धागा नाही बोलत."

आमच्याकडे धाग्याला काय तोटा. खालीच कारखाना. तळमजल्यावर रफिकभाईंचे माग, वर आमचं बिऱ्हाड. माग सुरू असले की आमच्या घरातलं सगळं चालायचं. मांडणीवरची भांडी आपोआप कडेला यायची, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं व्हायचं, पेल्यातल्या पाण्यावर बारीक गोल उठत राहायचे. नवीन पाहुणा दचकायचा. आम्हाला आवाज थांबला की जाग यायची. अशा घरात डिंक वाळेपर्यंत पंख जागेवर राहणं शक्य नव्हतं. एका वर्षी मधुकरनी भरदुपारी पंख बसवला, धाग्याने मोजला, सगळं तंतोतंत. डिंक वाळला तेव्हा पंख हळूहळू सरकत एका बाजूला गेलेला होता, मांडणीवरच्या भांड्यांसारखा. त्या दिवसापासून घरात नियम झाला: लाईट असताना पंख चिकटवायचा नाही.

ती भारनियमनाची वर्षं होती. लाईट रोज जायची, तासन्‌तास जायची. लाईट गेली की माग थांबायचे, कामगार बाहेर येऊन ओट्यावर बसायचे, मालक कपाळाला हात लावायचे, सगळी भिवंडी वीज मंडळाचा उद्धार करायची. आणि आमच्या घरात मधुकर डिंकाची बाटली उघडायचे. लाईट जायचं वेळापत्रक दर काही दिवसांनी बदलायचं. ते मी स्वयंपाकघरात भिंतीला लावून ठेवायची. पिठाची गिरणी, पाण्याचा पंप आणि पंख, तिन्हींची वेळ त्यावरून ठरायची. रफिकभाई खालून ओरडायचे, "मास्टर, पूरा गाव रोता है और तुम हसताय! चला, चिकटवा, लाईट गेली!"

विमान उडवायचा मोसमही असाच ठरलेला. आषाढापासून शेतात पाणी, मग भात उभं. कापणी झाली, पेंढा उचलला की मोकळी जमीन मिळायची, आणि तीही थोडेच दिवस, कारण ओल आहे तोवर लोक वाल पेरून टाकायचे. कोन गावाच्या अलीकडे हिराबायचं शेत होतं. हिराबाय गावातली जुनी शेतकरीण, अंगाने शिडशिडीत, आवाजाने दणदणीत. तिच्या धसकटांवर मधुकरनी वर्षानुवर्षं विमानं पाडली. ती बांधावर बसून हसायची. "मास्तर, तुमच्यापरीस माजी कोंबडी बरी उरते."

हे खोक्यातलं विमान चाललं होतं त्या वर्षी खालचा पंख बसवून झाला होता. वरचा राहिला होता. गौरी-गणपती आटोपले, आणि एका सकाळी मधुकर मोरीत पडले.

त्यानंतरचं सगळं मी फार शिस्तीने केलं. रिक्षा, दवाखाना, मग ठाण्याचं मोठं हॉस्पिटल, शाळेत अर्ज, पुण्याला शिकणाऱ्या मुलीला फोन, औषधांचं वेळापत्रक. लोक म्हणायचे, किती धीराची बाई. धीर नव्हता तो. यादीत पुढची ओळ असली की माणूस पुढच्या ओळीवर जातो, एवढंच.

घरी आणलं तेव्हा पहिल्या दिवशी वाटलं, सुटलो. बोलणं शाबूत, आठवण शाबूत, चेष्टा करणं शाबूत, उजवा हात शाबूत. डावा हात आणि पाय लुळे होते, पण काठीच्या आधाराने चार पावलं टाकत होते. मी जेवायला वाढलं. त्यांनी जेवून ताट पुढे सरकवलं. "भात अजून वाढ. आणि आज कोशिंबीर का नाही केलीस?"

ताटाच्या उजव्या अर्ध्यात एक शीत उरलं नव्हतं. डाव्या अर्ध्यात भाताचा अर्धा ढीग होता, सुरीने कापल्यासारखा. त्याच्या पलीकडे कोशिंबीर, हात न लागलेली.

दाढी ते अर्ध्या चेहऱ्याची करत. चष्म्याची एकच काडी कानावर लावत. मी त्यांच्या डावीकडून हाक मारली की ते उजवीकडे वळून उत्तर देत. तिथे कोणी नसायचं. तरी देत, नेहमीसारखं हसून. एकदा मी त्यांच्या समोर बसले होते तर म्हणाले, "अगं, तुझा हात काढ ना माझ्या मांडीवरून, जड होतोय." मांडीवर त्यांचाच डावा हात होता.

डॉक्टरांनी समजावलं. डोळे चांगले आहेत, पण मेंदूने डावी बाजू सोडून दिली आहे. त्यांना तिथे अंधार दिसत नाही. तिथे काही असतं हेच त्यांना माहीत नाही. "जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं," डॉक्टर म्हणाले. "सतत डावीकडे लक्ष ओढा. डावीकडे उभ्या राहा, डावीकडून बोला."

मी यादी केली. रेडिओ डावीकडे. पाण्याचा तांब्या डावीकडे. पलंग असा फिरवला की दार डावीकडे येईल. रेडिओ लागला की ते उजवीकडची भिंत ऐकत बसायचे. तांब्या भरलेला असायचा आणि ते तहानलेले. मी रोज प्रत्येक ओळीपुढे खूण करत होते आणि काहीच होत नव्हतं. रोज ताटात तो कापलेला भात उरत होता. धुवायला नेताना मी त्याच्याकडे बघायची नाही.

दीड खोलीच्या घरात रडायला जागा नसते. सामायिक मोरीत गेलं तर लोक पाण्याला खोळंबलेले, गच्चीवर कामगारांची धुणी. एक दिवस त्यांच्या डाव्या बाजूला बसून मी गवार मोडत होते आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पदर लावायला हात उचलला आणि लक्षात आलं की गरजच नाही. मधुकर शेजारी हातभर अंतरावर बसून माझ्याशी शाळेतल्या शिपायाबद्दल काही गमतीचं बोलत होते. बोलत होते ते उजवीकडच्या रिकाम्या पाटाकडे बघून. मी "हो का" म्हणत होते आणि रडत होते. त्या दिवसापासून ती माझी जागा झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं डावीकडे राहा. मी राहत होते.

तेवढ्यात जिन्यावर पेंढ्याच्या काड्या पडायला लागल्या. मधुकरना वास आला. वासाला डावं-उजवं नसतं बहुतेक.

"कापणी लागली ना?" ते म्हणाले. "विमान काढ. वरचा पंख राहिलाय."

"आधी बरं व्हा."

"मला काय झालंय?"

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. बाजारात हिराबाय भेटली होती. तिच्या मुलांनी शेत गोदामाला दिलं होतं, दापोड्याकडे जशी गोदामं झाली तसंच इथेही होणार होतं. भात निघालं की जमिनीवर मातीचा भराव पडणार होता. म्हणजे मधुकरच्या मेंदूला जेवढी मुदत होती तेवढीच त्या शेताला होती. मी विमान कपाटावरून काढलं.

लाईट दुपारी गेली. खालचे माग एकेक करत थांबले आणि घर स्थिर झालं. मी पाट मांडला, विमान त्यावर ठेवलं, पंखांच्या टोकांखाली टेकू म्हणून मागावरच्या, सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या ठेवल्या, दोन्ही बाजूंना सारख्या. मधुकर उजव्या हाताने काम करत होते, मी त्यांचा डावा हात होते. "धर. थोडं वर. बस." आवाज जुनाच. क्षणभर मला वाटलं, हे काम तरी त्यांच्या बोटांना पाठ असेल, त्यातून काहीतरी परत येईल. आशा फार वाईट असते, ती अशी एखाद्या जुन्या आवाजावर उठून बसते.

पंख बसला. मला समोरून दिसत होतं, डावं टोक शेपटीकडे झुकलं होतं. थोडंथोडकं नाही, अंगठ्याएवढं.

"डावीकडे मागे गेलाय जरा," मी म्हटलं.

"कुठे? सरळ तर आहे."

"धाग्याने बघा ना."

मला वाटलं होतं, धागा तरी सांगेल. मधुकरनी शेपटीच्या टाचणीचा धागा घेतला, उजव्या टोकापर्यंत नेला, चिमटीत धरला. मग ती चिमूट उचलली, हवेत थोडी फिरवली आणि पुन्हा उजव्याच टोकाला लावली. बरोबर पोचली. ती पोचणारच होती.

"बघ," ते माझ्याकडे बघून हसले. "तंतोतंत."

खाली लाईट आली. माग एकामागून एक सुरू झाले, पाट थरथरायला लागला आणि पंख त्याच वाकडेपणात वाळू लागला. मी उठले आणि माझ्या जागेवर, त्यांच्या डावीकडे जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी रफिकभाई चौकशीला वर आले. विमान बघून थांबले. मनात आलेलं तोंडात ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. "मास्टर, बुरा मत मानो. ये तो लंगडा है."

मधुकरचा चेहरा पडला. "रफिकभाई, तुमच्या मागावरचं कापड मी कधी लंगडं म्हटलंय का?"

"म्हटलंय की! दोन वेळा म्हटलंय!" रफिकभाई हसले, पण माझ्याकडे बघून त्यांचं हसू विरलं. जिना उतरताना हळूच म्हणाले, "भाभी, उनको सच में नहीं दिखता?" मी मानेने नाही म्हटलं. ते खाली गेले. त्या दुपारी मागांचा आवाज मला नेहमीपेक्षा कमी वाटला. कदाचित वाटला असेल.

मग जे झालं ते माझ्या साफसफाईच्या सवयीमुळे झालं. त्यात शहाणपण काही नव्हतं. पाटावर डिंकाचे थेंब सांडले होते. मी विमानासकट पाट उचलला, ओल्या फडक्याने पुसला आणि परत ठेवताना उलट्या तोंडाने ठेवला. विमान इतका वेळ त्यांच्याकडे पाठ करून होतं, ते आता त्यांच्याकडे तोंड करून आलं.

"अगं!" मधुकर ओरडले. "पुसताना धक्का दिलास ना! हा पंख बघ कसा झालाय!"

मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. ज्या टोकाला त्यांच्या लेखी कालपासून अस्तित्वच नव्हतं, ते आता त्यांच्या उजवीकडे आलं होतं. मी पाट फिरवला.

"आता?"

"आता बरोबर आहे."

पुन्हा फिरवला.

"वाकडा."

पुन्हा.

"बर..." ते मध्येच थांबले. मधुकर हुशार माणूस. त्यांनी स्वतः उजव्या हाताने पाट धरला आणि अगदी सावकाश फिरवला. एक पंख त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकत सरकत जात होता. एका जागी आल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी पाट थोडा मागे आणला. थोडा पुढे. मागे. मला कळलं, पंख कुठे संपतो हे ते शोधत नव्हते. आपण कुठे संपतो ते शोधत होते.

आजारपणात प्रथमच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. तोवर घाबरायचं काम माझं एकटीचं होतं.

"म्हणजे तिकडे आहे," ते म्हणाले, "आणि मला माहीत नाही."

"हो."

मग त्यांनी विचारलं, "अजून काय काय आहे तिकडे?"

मला यादी करता येते. मी सांगत गेले. खिडकी आहे. खिडकीत तुळस आहे. तुमचा रेडिओ आहे. पाण्याचा तांब्या आहे, भरलेला. तुमच्या आईचा फोटो आहे. कपाट आहे. तुमचा हात आहे. ते ऐकत होते आणि उजवीकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्या यादीत मी स्वतःला घातलं नाही. तिथे कोण येऊन बसतं ते मी कसं सांगणार?

डॉक्टर म्हणाले, हे कळलं ही चांगली गोष्ट आहे. पुस्तकातली चांगली गोष्ट असेल. घरात ती चांगली नव्हती. मधुकर बोलेनासे झाले. पूर्वी अर्धं जेवून हसत भात मागायचे, आता मी ताट फिरवून दिलं की उरलेला भात बघून मान खाली घालायचे. जो माणूस काही गेलंय हेच न कळल्यामुळे सुखी होता, त्याला मी पाट पुसता पुसता दुःखात ढकललं, असं मला वाटत राहिलं. विमान कपाटावर गेलं. बाहेर पेंढ्याच्या गाड्या कमी होत चालल्या होत्या. ठाण्याचे तपासणीचे दिवस येत आणि जात होते, आणि दर वेळी डॉक्टर कागदावर घड्याळ काढायला सांगत. मधुकर, ज्यांनी पोरांच्या पिढ्यांना वर्तुळ काढायला शिकवलं, ते बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबत. फरक एवढाच की आता काढून झाल्यावर ते कागद माझ्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, "चुकलंय ना?"

मी देवाला कधी काही मागत नाही. त्या दिवसांत मी तुळशीला पाणी घालताना मागितलं. सगळं नको, म्हटलं. थोडंसं डावं दे.

आजही आमच्या घरात ताट फिरतं. आधी उजवीकडचं संपवायचं, मग ताट अर्धा फेरा फिरवायचं. मुलगी माहेरी आली की तिची लेकही नकळत तसंच करते. पाहुण्यांना वाटतं आमच्याकडे काही रीत आहे. आहेच. पण ती कशी सुरू झाली ते सांगायचं राहिलं.

मी ताट फिरवून द्यायचे ते वेगळं; स्वतः फिरवायची सुरुवात त्यांनी केली, आणि तीही ताटाच्या आधी पाटापासून. एका दुपारी लाईट गेली. मी पोळ्या लाटत होते. घर स्थिर झालं आणि त्या शांततेत मला पाट घासल्याचा आवाज आला. वळून बघते तर मधुकर जमिनीवर बसलेले, काठीने कपाटावरचं विमान त्यांनी कसं उतरवलं देव जाणे, समोर पाट, हातात दाढीचं जुनं पातं. वरच्या पंखाचे वाळलेले सांधे ते सोडवत होते. एक बाजू सोडवली. पाट फिरवला. दुसरी बाजू सोडवली.

"हात धुवून ये," ते म्हणाले. "लाईट आली की काही करता येणार नाही, तुला माहिती आहे."

मी पोळी तव्यावर तशीच टाकून गेले. जळली.

त्यांनी नवी पद्धत बसवली. धागा उजव्या टोकाला लावायचा, चिमूट धरायची. मग चिमूट न्यायची नाही. पाट मी फिरवायचा. विमानाचं दुसरं टोक उजवीकडे आलं की तीच चिमूट त्याला लावायची. धागा कमी पडला. त्यांनी मला पंख पुढे ढकलायला सांगितलं. पाट फिरवला. पुन्हा मोजलं. पुन्हा फिरवला. त्या दिवशी ते जमलं नाही, लाईट आली. दुसऱ्या दिवशी लाईट वेळापत्रकाच्या आधीच आली. रफिकभाईंच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर लाईट असूनही माग थांबले. मी खाली वाकून पाहिलं तर रफिकभाई ओट्यावर कामगारांबरोबर चहा पीत होते. "मशिनला पण आराम पाहिजे, भाभी," ते वर न बघता म्हणाले. "चिकटवा."

त्या दुपारी चिमूट दोन्ही टोकांना बरोबर पोचली.

एक प्रश्न उरला होता आणि तो मला छळत होता. रबराच्या पिळावर उडणारं विमान डावीकडे वळतं. नाकावरचा पंखा एका बाजूला फिरतो म्हणून बाकीचं विमान दुसरीकडे कलतं, मधुकरनीच कधीकाळी सांगितलेलं.

"शेपूट जरा वळवून ते उजवीकडे नाही का नेता येणार?" मी विचारलं.

"येईल. ओढूनताणून. मग पंखांवर ताण येतो, पडतं."

"पण तुम्हाला दिसायला हवं ना!"

"सरळ पंखाचं विमान जिकडे जायचं तिकडेच जाणार," ते म्हणाले. "मला दिसावं म्हणून वाकडं कशाला करू?"

आम्ही रिक्षाने शेतावर गेलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. शेताच्या टोकाला डंपर येऊन उभे होते. लाल मातीचे पहिले ढीग पडले होते. हिराबाय बांधावर बसली होती. मधुकरना काठीवर, पाय ओढत येताना बघून ती उठली. नेहमीची थट्टा तिच्या तोंडापर्यंत आली आणि परत गेली.

"काय वो मास्तर, किती वालले अंगानं," ती म्हणाली. मग आवाज चढवून, "उरवा, काय उरवायचं ते आजच उरवा. उद्याला हितं काय न्हाय. समदा भराव."

"तुझी कोंबडी कुठाय?" मधुकरनी विचारलं. "तिलाही बघायला बोलव."

मी विमान धरलं, त्यांनी उजव्या हाताने पंखा उलटा फिरवत रबराला पीळ दिला. पीळ भरत गेला तसा विमानात जीव आल्यासारखा ताण आला, हाताला कळत होता. मग मी विमान त्यांच्या हातात दिलं. डाव्या पंखावरून एकदा बोट फिरवलं. सरळ होता. ते उडावं असं मला वाटत होतं आणि उडू नये असंही वाटत होतं. पडलं तर त्यांचं मन मोडणार, उडालं तर ते त्यांच्या जगातून निघून जाणार. यातलं काय झालेलं मला बघवणार होतं? मी मागे सरले आणि माझ्या नेहमीच्या जागी, त्यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले. डोळे आधीच भरले होते.

त्यांनी विमान सोडलं.

ते धसकटांवरून घसरल्यासारखं गेलं, जरा खाली बसलं आणि मग उचललं. नारिंगी कागदातून ऊन आलं. दोन्ही पंख हवेवर असे बसले होते, जशा दुरेघी वहीतल्या रेघा. हिराबाय "आई गं!" म्हणाली. विमान चढत गेलं, आणि चढता चढता, ठरल्याप्रमाणे, डावीकडे वळायला लागलं.

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे विमानाबरोबर सरकत होते, सरकत सरकत मध्यावर आले आणि थांबले. समोर फक्त आभाळ होतं.

"गेलं?" ते म्हणाले.

हिराबायने तोंड उघडलं. मी हाताने तिला थांबवलं. का थांबवलं, माहीत नाही.

मधुकर काही क्षण त्या रिकाम्या आभाळाकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी उचलून थोडी उजवीकडे रोवली. उजवा पाय उचलून तिच्याजवळ ठेवला. लुळा पाय ओढून घेतला. पुन्हा काठी, पुन्हा पाय. मान वळवत नव्हते, ती वळतच नव्हती. पाट फिरवावा तसे ते स्वतःला फिरवत होते, अख्खे, धसकटांत तोल सांभाळत. समोर आधी बांध आला, मग लाल मातीचा ढीग आला, मग विमान आलं. त्यांच्या तोंडून आवाज निघाला, हसल्यासारखा.

आणि विमानाच्या खाली मी आले.

पदर लावायला वेळच मिळाला नाही. इतक्या दिवसांत त्या बाजूला मला कोणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे चेहरा झाकायची सवय मोडली होती. ते माझ्याकडे बघत राहिले. विमान त्यांच्या डोळ्यांसमोरून पुढे वळत गेलं, पण त्यांचे डोळे त्याच्या मागे गेले नाहीत.

"तू इथे असतेस होय?" ते म्हणाले.

विमान कुठे उतरलं ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. हिराबाय धसकटांतून धावत जाऊन घेऊन आली. दोन्ही हातांवर तोललेलं, कोंबडी आणावी तसं.